दोन नट, तीन नावे : जॉन कानी आणि विन्स्टन न्चोना

दोनपात्री नाटक म्हणजे ज्या नाटकाचा सगळा भार पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत दोनच नटांवर असतो असे नाटक. मोठ्या पात्रसंचाच्या नाटकात नटाला विंगेत जाऊन दम घेता येतो, एखाद्याचा प्रवेश फिका पडला तर पुढचा नट तो सावरून घेतो, आणि प्रेक्षकाची नजरही पाच-सहा माणसांत वाटली जाते. दोनपात्री नाटकात मात्र एक नट बोलत असताना दुसरा तितकाच उघड्यावर असतो, त्यामुळे बोलणे जितके पारखले जाते तितकेच ऐकणेही पारखले जाते. जागा लहान असेल, पहिली रांग नटापासून चार हातांवर असेल, तर ही कसोटी आणखी कडक होते. म्हणून अशा नाटकाचा परिचय कथानकापासून सुरू करण्याऐवजी नटांपासून सुरू करणे अधिक योग्य ठरते. आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या ‘द स्पेस’ या छोट्या नाट्यगृहात 1972 आणि 1973 मध्ये प्रथम सादर झालेल्या ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ व ‘द आयलंड’ या दोन नाटकांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच उरत नाही, कारण ही नाटके त्यांच्या नटांनीच घडवली आहेत.

जगभरच्या अभ्यासक्रमांत ही नाटके अथोल फ्यूगार्ड (1932–2025) यांच्या नावाने शिकवली जातात. फ्यूगार्ड हे विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ नाटककार होते, यात शंका नाही. तथापि 1974 मध्ये ही नाटके पुस्तकरूपाने आली तेव्हा रचनाकार म्हणून तीन नावे छापली गेली, आणि जॉन कानी व विन्स्टन न्चोना ही त्यांतील दोन नावे होत. ती नावे तेथे उपचार म्हणून आलेली नव्हती. टीकाकारांच्या लेखनात मात्र ही दोन नावे हळूहळू ‘भूमिका करणारे नट’ एवढ्यापुरती उरली, आणि त्यातही न्चोना यांचे नाव कानी यांच्या नावामागे चालत राहिले. प्रस्तुत लेखाचा भर या दोघांवर आहे.

दोघांची जडणघडण न्यू ब्रायटन या वस्तीत झाली. पोर्ट एलिझाबेथ (आताचे नाव खेबेऱ्हा) या बंदराच्या शहराजवळची ही ‘टाउनशिप’. म्हणजे वंशभेदाच्या राजवटीत कृष्णवर्णीयांना शहराबाहेर वेगळे वसवण्यासाठी आखलेली वस्ती, जिथून माणसे रोज गोऱ्यांच्या कारखान्यांत आणि घरांत कामाला जात आणि रात्री परत येत. न्चोना यांचा जन्म 1941 मधील आणि कानी यांचा 1943 मधील. शाळेपासून त्यांची ओळख होती. अभिनयाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची दारे त्यांना उघडी नव्हती, आणि उघडी असती तरी त्या शिक्षणावर पोट भरण्याची शक्यता नव्हती. कानी यांनी फोर्ड कंपनीच्या मोटारींच्या कारखान्यात काम केले. न्चोना प्रयोगशाळेत मदतनीस होते. तालमी होत त्या कामावरून सुटल्यावर.

न्यू ब्रायटनमधील काही तरुण 1963 मध्ये फ्यूगार्ड यांच्याकडे गेले आणि नाटक करायचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्यातून ‘सर्पंट प्लेयर्स’ ही मंडळी उभी राहिली. संग्रहालयातील साप ठेवण्याच्या एका रिकाम्या खड्ड्यात त्यांचा पहिला प्रयोग झाला, त्यावरून हे नाव पडले. कानी 1965 मध्ये या मंडळीत आले आणि 1967 मध्ये त्यांनीच न्चोना यांना बोलावून आणले. मधल्या काळात पोलिसांची नजर या मंडळीवर सतत होती. सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक शोकांतिकेच्या तालमी चालू असताना एका नटाला अटक झाली, दुसऱ्याची रवानगी रॉबेन बेटावरील तुरुंगात झाली, आणि त्या बेटावर कैद्यांसमोर आठवणीच्या आधारे ‘अँटिगनी’चे एक आटोपशीर रूप सादर झाल्याची हकीकत पुढे बाहेर आली. ‘द आयलंड’चे बीज याच हकीकतीत आहे, हे येथेच नोंदवलेले बरे.

दोन नटांचे नाटक हा प्रकार फ्यूगार्ड यांना नवा नव्हता. 1961 मध्ये जोहान्सबर्गमध्ये त्यांनी ‘द ब्लड नॉट’ केले होते, त्यात ते स्वतः आणि झेक्स मोकाए हे कृष्णवर्णीय नट दोन भावांच्या भूमिकांत होते. परंतु 1965 नंतर सरकारी फर्मानाने गोऱ्या व काळ्या नटांनी एका रंगमंचावर येणे आणि दोन्ही वंशांच्या प्रेक्षकांनी एकत्र बसणे यांवर बंदी आली. 1972 मध्ये ब्रायन अ‍ॅस्टबरी हे छायाचित्रकार आणि इव्हॉन ब्राइसलँड ही अभिनेत्री, या दांपत्याने केप टाउनमधील एका जुन्या इमारतीत ‘द स्पेस’ सुरू केले, तेव्हा या बंदीतून त्यांनी एक वाट काढली. ते नाट्यगृह खासगी सभासदांचा क्लब म्हणून चालवले गेले. तिकीट विकत घेणारा प्रेक्षक कायद्याच्या कक्षेत येत होता, सभासद मात्र पाहुणा ठरत होता. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक रंगभूमी बहरली तिच्याशी या जागेचे साम्य मराठी वाचकाला सहज जाणवेल. दोन्हीकडे पैसा कमी, जागा तुटपुंजी आणि प्रेक्षक नटाच्या अगदी जवळ. फरक असा की केप टाउनमध्ये प्रेक्षकाने दुसऱ्या वंशाच्या माणसाशेजारच्या खुर्चीवर बसणे हीदेखील कायद्याशी घेतलेली झुंज होती.

कानी आणि न्चोना यांनी नोकऱ्या सोडून पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. कृष्णवर्णीय माणसाला शहरात राहायचे तर कोणत्या तरी मालकाकडे काम असल्याची नोंद लागे, आणि सरकारी नोंदवहीत त्याच्यासाठी ‘नट’ असा व्यवसायच नव्हता. म्हणून कागदोपत्री हे दोघे फ्यूगार्ड यांच्या घरचे नोकर झाले. ज्या माणसांनी पुढे लंडन आणि न्यूयॉर्क येथील रंगभूमी गाजवली त्यांची त्यांच्या देशातील अधिकृत ओळख ही होती, आणि नेमक्या याच गोष्टीवर, म्हणजे माणूस आणि त्याचा कागद यांतील अंतरावर, त्यांचे पहिले नाटक उभे आहे.

‘सिझ्वे बान्झी’ची सुरुवात लिखित संहितेपासून झाली नाही. एका स्टुडिओत काढलेले, एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हातात पाइप धरून प्रसन्न हसणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाचे छायाचित्र तिघांच्या समोर होते, आणि हा माणूस इतका का हसतो आहे, हा प्रश्न होता. न्यू ब्रायटनमध्ये वाढलेल्या नटांना उत्तर सुचायला वेळ लागला नाही : त्याचे पासबुक ठीकठाक असले पाहिजे. पासबुक म्हणजे सोळा वर्षांवरील प्रत्येक कृष्णवर्णीयाने सतत जवळ बाळगायची ओळखपुस्तिका. तिच्यात त्याचा क्रमांक, छायाचित्र, मालकाची नोंद आणि कोणत्या शहरात किती दिवस राहता येईल याचा शिक्का असे, आणि ती दाखवता आली नाही तर तुरुंग ठरलेला. भारतीय वाचकाला या पुस्तिकेचा पूर्वज माहीत आहे : 1908 च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात गांधीजींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी जी नोंदणीपत्रे जाळली ती याच जातीची होती. 1960 मध्ये शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात 69 माणसे मारली गेली. पास कायदे रद्द व्हायला 1986 उजाडावे लागले.

छायाचित्रापासून नाटकापर्यंतची वाट उत्स्फूर्त रचनेची होती. या पद्धतीत दिग्दर्शक एखादी परिस्थिती मांडतो, नट ती आपल्या अनुभवातून बोलून आणि वागून भरतात, जे टिकाऊ असेल ते ठेवले जाते, उरलेले टाकले जाते. पोलंडचे दिग्दर्शक येझी ग्रोटोव्हस्की यांच्या ‘दरिद्री रंगभूमी’च्या कल्पनेचा, म्हणजे नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांचा आधार काढून घेतल्यावर नटाचे शरीर आणि आवाज एवढेच रंगभूमीचे खरे भांडवल उरते या विचाराचा, फ्यूगार्ड यांच्यावर त्या काळी खोल प्रभाव होता. न्यू ब्रायटनच्या नटांना मात्र दारिद्र्याचे तत्त्वज्ञान पोलंडहून आणण्याची गरज नव्हती. संहिता सुरुवातीला कागदावर उतरवली गेली नाही, त्यालाही कारण होते. लिहिलेला कागद पोलिसांच्या हाती पुरावा म्हणून पडू शकत होता, नटाच्या डोक्यातले नाटक जप्त करता येत नव्हते.

8 ऑक्टोबर 1972 रोजी ‘द स्पेस’मध्ये पहिला प्रयोग झाला. कानी यांच्याकडे दोन भूमिका होत्या : फोर्डच्या कारखान्यातील नोकरी सोडून छायाचित्रांचा स्टुडिओ थाटणारा स्टाइल्स, आणि सिझ्वेला आसरा देणारा बंटू. नाटक उघडते ते स्टाइल्सच्या दीर्घ स्वगताने. तो वर्तमानपत्र वाचतो, बातम्यांवर शेरे मारतो, आणि हेन्री फोर्ड दुसरा कारखान्याला भेट देणार म्हणून झालेल्या धावपळीची नक्कल करतो, ज्यात मालक, मुकादम, कामगार अशी सगळी माणसे एकटे कानी उभी करीत. प्रयोगाच्या दिवशीचे खरे वर्तमानपत्र हातात घेऊन ते त्यावर बोलत, त्यामुळे हा भाग दर प्रयोगाला बदले. येथे नटाला लागते ती विलक्षण तल्लख बुद्धी, आवाजांचा साठा आणि प्रेक्षकाच्या श्वासाचा अंदाज. कानी यांच्यात हे तिन्ही होते. त्यांचा अभिनय वेगाचा, बोलका आणि बाहेर झेपावणारा होता. प्रेक्षकाला हसवता हसवता ते त्याला अशा ठिकाणी आणून सोडत, जिथून मागे फिरणे त्याला शक्य नसे.

त्यानंतर स्टुडिओत येतो तो न्चोना यांचा सिझ्वे. नवा सूट घातलेला, अवघडलेला, स्वतःचे नाव सांगतानाही अडखळणारा, कारण ते नाव त्याचे नाही. किंग विल्यम्स टाउनहून कामाच्या शोधात आलेल्या या चार मुलांच्या बापाच्या पासबुकात शहर सोडून जाण्याचा शिक्का पडलेला असतो. एका रात्री दारूच्या अड्ड्यावरून परतताना त्याला आणि बंटूला रस्त्याकडेला एक प्रेत सापडते. मेलेल्या माणसाच्या पुस्तिकेत काम शोधण्याचा परवाना असतो. बंटू दोन्ही पुस्तिकांतील छायाचित्रे बदलतो, आणि सिझ्वे बान्झी कागदोपत्री मरतो. हे सगळे सिझ्वे आपल्या पत्नीला लिहायच्या पत्रातून उलगडत जाते, त्यामुळे गावाकडची ती स्त्री रंगमंचावर न येताही नाटकात राहते. दोनपात्री नाटकाला असे न दिसणारे तिसरे माणूस बहुधा लागते. राजीव नाईक यांच्या ‘साठेचं काय करायचं?’ या दोनपात्री नाटकातील कधीही न येणारा साठे आठवला, तर ही गरज किती मूलभूत आहे ते कळते.

न्चोना यांच्या कामाकडे टीकेचे लक्ष कमी गेले, कारण त्यांच्या वाट्याला शब्द कमी होते आणि विनोदाची सूत्रे दुसऱ्या नटाच्या हाती होती. पण पुस्तिका बदलण्याच्या प्रवेशाची रचना पाहिली तर वेगळे चित्र दिसते. युक्तिवाद करतो बंटू. आपण तसेही गोऱ्यांच्या लेखी भुतासारखेच आहोत, मग मेलेल्या माणसाचे नाव घेतले तर काय बिघडले, असे त्याचे म्हणणे. तो युक्तिवाद प्रेक्षकाला पटणे किंवा न पटणे हे बंटूच्या वाक्यांवर अवलंबून नाही. ती वाक्ये ऐकताना सिझ्वेच्या चेहऱ्यावर काय होते यावर ते अवलंबून आहे. नाव सोडणे म्हणजे काय, हे न्चोना यांना जवळजवळ न बोलता, जड झालेल्या शरीरातून दाखवायचे होते. याच नाटकात सिझ्वे अंगावरचे कपडे उतरवून आपण माणूस आहोत की नाही ते पाहा, असे प्रेक्षकांना थेट विचारतो. तो क्षण आक्रस्ताळा होण्याचा धोका फार मोठा आहे. आधीचा तासभर न्चोना यांनी मुरवलेल्या शांततेमुळेच तो पेलला जातो.

न्यू ब्रायटनमधील सेंट स्टीफन्स हॉलमध्ये झालेल्या प्रयोगाची फ्यूगार्ड यांनी लिहून ठेवलेली हकीकत या दृष्टीने मोलाची आहे. छायाचित्रे बदलण्याचा प्रसंग सुरू झाला तेव्हा सभागृहातून कुणी तरी सिझ्वेला असे करू नको म्हणून ओरडून सांगितले, दुसऱ्या कुणी बेधडक कर म्हणून उत्तर दिले, आणि बघता बघता प्रेक्षकांत पास कायद्यांवर जाहीर वाद पेटला. दोघे नट रंगमंचावर थांबून राहिले, आणि वाद निवळल्यावर त्यांनी नाटक पुढे नेले. अशा वेळी भूमिका न सोडता थांबता येणे हे नटाच्या कसबाचे अतिशय कठीण रूप आहे. ते त्यांना साधले, कारण समोरचे लोक त्यांचे शेजारी होते आणि वादाचा विषय त्यांच्या स्वतःच्या खिशात होता.

दुसरे नाटक याहूनही कमी साधनांत घडले. फ्यूगार्ड यांनी जमिनीवर एक घोंगडी पसरली, दोघांना तिच्यावर उभे केले आणि ती घडी घालत घालत इतकी लहान केली की दोन माणसांना जेमतेम हालचाल करता यावी. ती झाली रॉबेन बेटावरची कोठडी. तुरुंगांच्या स्थितीवर लिहिणे-बोलणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे बेटाचे नाव घेता येत नव्हते. म्हणून 2 जुलै 1973 रोजी ‘द स्पेस’मध्ये हे नाटक ‘डी होडोशे स्पान’, म्हणजे होडोशेची टोळी, या नावाने आले. होडोशे हे खोसा भाषेत मढ्यावर घोंघावणाऱ्या माशीचे नाव, आणि कैद्यांनी बेटावरील एका कुप्रसिद्ध पहारेकऱ्याला दिलेले टोपणनाव. तो रंगमंचावर कधीच दिसत नाही. त्याची शिटी ऐकू येते आणि दोन शरीरे त्या आवाजावर हलतात.

पडदा उघडल्यावर कितीतरी वेळ एकही शब्द उच्चारला जात नाही. दोन कैदी काल्पनिक फावड्याने वाळू खणतात, काल्पनिक हातगाडीत भरतात आणि एकमेकांच्या खड्ड्यापाशी नेऊन ओततात; एकाने उपसलेली वाळू दुसऱ्याच्या वाट्याला येते, त्यामुळे काम कधीच संपत नाही. हा मूकाभिनय, म्हणजे वस्तू नसताना शरीराच्या हालचालीतून ती असल्याचे भासवण्याची कला, येथे सौंदर्यासाठी योजलेला नाही. घाम खरा असतो, धाप खरी असते, आणि प्रेक्षकाला ते पाहण्याचा कंटाळा येऊ लागतो तेव्हाच त्या शिक्षेचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचतो. पुढे दोघे कोठडीत परततात, रिकामे टमरेल कानाला लावून न्यू ब्रायटनला दूरध्वनी केल्याचा खेळ खेळतात, आणि तुरुंगातील कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’तील न्यायनिवाड्याच्या प्रवेशाची तालीम करतात. पात्रांची नावे जॉन आणि विन्स्टनच आहेत. नटांनी आपली नावे पात्रांना देणे हा धाडसाचा भाग होता, कारण त्यामुळे ‘हे काल्पनिक आहे’ अशी ढाल त्यांच्यापाशी उरली नाही.

या नाटकाचा कणा विन्स्टन आहे, असे ठामपणे म्हणता येते. जॉनची शिक्षा कमी होऊन तो तीन महिन्यांत सुटणार असल्याची बातमी येते. विन्स्टन जन्मठेपेचा कैदी आहे. आधी तो मित्राच्या आनंदात मनापासून सामील होतो. नंतर त्याच मित्राला तो त्याच्या सुटकेच्या दिवसाचे तपशील एकेक करून, छळ केल्यासारखे, ऐकवू लागतो. शेवटी तो खाणीत दगड फोडता फोडता स्वतः दगड झालेल्या हॅरी या म्हाताऱ्या कैद्याबद्दल बोलतो, आणि आपलेही तेच होणार हे त्याला कळलेले असते. प्रेम, मत्सर आणि भीती यांचा हा प्रवास न्चोना यांना एका लहानशा जागेत, एकाच माणसाकडे पाहत करायचा होता; येथे बडबड्या कानींना गप्प राहून ऐकायचे होते, म्हणजे पहिल्या नाटकातील वाटणी बरोबर उलटलेली होती. बाईचे सोंग घ्यायला आधी ठाम नकार देणारा विन्स्टन अखेर अँटिगनी होऊन उभा राहतो आणि खोट्या केसांचा टोप काढून स्वतःच्या आवाजात बोलतो, तेव्हा त्याला पेलून धरतो तो अँटिगनीचा निवाडा करणारा राजा क्रेऑन झालेला जॉन.

लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात 1973 च्या अखेरीस व 1974 च्या प्रारंभी दोन्ही नाटके झाली. न्यूयॉर्कमध्ये 1974 च्या नोव्हेंबरपासून ती एडिसन थिएटरमध्ये आळीपाळीने होऊ लागली, आणि 1975 चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी पुरस्कार कानी आणि न्चोना यांना विभागून मिळाला. हा निर्णय अचूक होता. त्यांतील एकाला वेगळा काढून मोजता आले नसते. मायदेशी परतल्यावर 1976 मध्ये ट्रान्सकाय या प्रदेशात, ज्याला वंशवादी सरकार लवकरच नाममात्र स्वातंत्र्य देणार होते, ‘सिझ्वे बान्झी’च्या प्रयोगानंतर दोघांना अटक झाली आणि एकांतकोठडीत ठेवण्यात आले. अनेक देशांतील रंगकर्मींनी निषेध केल्यावर त्यांची सुटका झाली.

पुढचे मार्ग निराळे झाले. कानी जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरशी जोडले गेले. 1987 मध्ये जॅनेट सुझमन यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी तेथे ऑथेल्लो केला. 2002 मध्ये ‘नथिंग बट द ट्रुथ’ हे नाटक लिहिले. आणि ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटातील राजा टी’चाका म्हणून आजची पिढी त्यांना ओळखते. न्चोना यांनी ‘अ ड्राय व्हाइट सीझन’ (1989) या चित्रपटात कोठडीतील मुलाचा शोध घेता घेता स्वतः पोलिसांच्या हाती मरणाऱ्या माळ्याची भूमिका केली. पडद्यावर त्यांचा वावर मोजका असला तरी चित्रपटाचे नैतिक वजन त्याच भूमिकेवर आहे. विशी-तिशीत घडवलेली दोन्ही नाटके त्यांनी साठीच्या आसपास पुन्हा केली, आणि लंडनच्या नॅशनल थिएटरलाही ती नेली. तोवर पास कायदे गेले होते, रॉबेन बेट संग्रहालय झाले होते, आणि वाळू उपसणाऱ्या शरीरांचे वय वाढले होते. तरुण कैद्यांऐवजी आता दोन प्रौढ माणसे त्या घोंगडीएवढ्या जागेत उभी होती, त्यामुळे हॅरीविषयीच्या भाषणाला पूर्वी नसलेली धार आली.

न्चोना यांचे 2 ऑगस्ट 2018 रोजी निधन झाले. ‘द आयलंड’ निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत होतच आहे, आणि ते करणाऱ्या प्रत्येक जोडीला आजही रंगमंचावर एकमेकांना जॉन आणि विन्स्टन अशीच हाक मारावी लागते. या जोड्या बहुधा अखेरच्या ‘अँटिगनी’च्या प्रवेशावर सर्वाधिक मेहनत घेतात, कारण भाषणे तेथे आहेत. तालमीचे पहिले कितीतरी दिवस त्यांनी वाळूवर घालवावेत. खणणे, भरणे, ढकलणे, ओतणे, आणि जोडीदाराचा दम कुठे तुटतो ते न बघता ओळखणे. संहितेत या भागासाठी छापलेल्या रंगसूचना थोड्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडचे बाकी सगळे कानी आणि न्चोना यांनी शरीराने लिहिलेले आहे.